प्रेस रिपीट झाली : हिंगणा एमआयडीसीतल्या एका अपघाताचं प्रकरण

फेब्रुवारी सरत आला की नागपुरात गच्चीवरचे, गॅलरीतले कूलर खाली उतरतात. गंज खरवडला जातो, रंग लागतो, नवी खस भरली जाते. ही लगबग सगळ्यांना दिसते. तिच्या दोन महिने आधी हिंगणा एमआयडीसीतल्या लहान शेडमध्ये सुरू झालेली लगबग मात्र कुणाला दिसत नाही. पंख्याची पाती, मोटर धरणारा क्लॅम्प, पंपाची पट्टी, स्टँडचे कोन असा सगळा माल पत्र्यातून प्रेसवर निघतो. तो एप्रिलच्या मध्यापर्यंत निघाला तरच त्याला किंमत. जूनमध्ये क्लॅम्प कोण घेतो?

हे प्रकरण अशाच एका शेडमधलं. कारखान्याचं किंवा कुणा माणसाचं नाव देत नाही. अपघातानंतर सहाव्या दिवशी मालकाने एका ओळखीच्या माणसाकरवी मला बोलावलं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला उत्तर द्यायचं होतं, त्यासाठी अहवाल हवा होता. खरं तर अहवाल टाइप होऊन तयारच होता, माझी फक्त सही हवी होती. कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती : 'कामगाराने निष्काळजीपणे डायमध्ये हात घातला.' डाय म्हणजे ज्यात पत्रा दाबून आकार देतात तो साचा.

मी सही केली नाही. मशीन बघू म्हटलं.

त्या दुपारी

कारखाना चाळीसेक कामगारांचा. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाप्रमाणे सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती साधारणपणे १,००० कामगारांपासून पुढे होती, त्यामुळे इथे तसा कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता. १० टनांपासून ६३ टनांपर्यंत दाब देणाऱ्या सात पॉवर प्रेस, सगळ्या सी-फ्रेमच्या म्हणजे पुढून उघड्या, बहुतेक सेकंडहँड. पत्रा कापणारं एक शिअरिंग मशीन, दोन ड्रिल, वेल्डिंगचे सेट. वर टिनाचं छत. कूलरचे भाग बनवणाऱ्या या शेडमध्ये कूलर एकच होता, तोही ऑफिसच्या दाराशी.

अपघात ५० टनी प्रेसवर झाला. क्लॅम्पचं बेंडिंग चालू होतं. आधी कापलेला तुकडा हाताने डायमध्ये ठेवायचा, पायडल दाबायचं, वाकलेला नग हाताने काढायचा, पुढचा ठेवायचा. चालवणारा मुलगा २६ वर्षांचा, भंडारा जिल्ह्यातला, ठेकेदाराकडून लागलेला, सात महिने याच प्रेसवर. सकाळी ८ ला उभा राहिला होता, रात्री ८ ला सुटणार होता. सीझन असल्यामुळे अठरा दिवस असंच चाललं होतं.

दुपारी पावणेचारच्या सुमारास एक नग डायला चिकटला. तो बोटांनी उचकटत असताना रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली आला. उजव्या हाताची तर्जनी मधल्या सांध्यापर्यंत गेली, मधल्या बोटाचं टोकाचं पेर गेलं. मोटर बंद करून, फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) पहारीने उलटं फिरवून रॅम वर घ्यायला चारेक मिनिटं लागली. तोवर हात आतच.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकते. बोटाचे तुटलेले तुकडे पिण्याच्या पाण्याच्या कॅम्परमधल्या बर्फात थेट टाकून दवाखान्यात नेले होते. बर्फ थेट लागला की पेशी गोठून मरतात, पाण्यात ठेवलं तर भिजून फुगतात. तुकडा स्वच्छ, किंचित ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. या मुलाच्या बाबतीत डॉक्टर म्हणाले की बोटं चिरडलीच होती, नीट आणली असती तरी जोडता आली नसती. तरी कारखान्यातल्या प्रथमोपचार पेटीत काय होतं ते मी पाहिलं. आयोडीनची रिकामी बाटली आणि डोकेदुखीचा बाम.

पायडल दाबलं की नाही

सुपरवायझरचं म्हणणं सरळ होतं. "लक्ष नव्हतं त्याचं. हात आत असताना पाय दाबला. दहादा सांगितलं असेल यांना." वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या स्वतःच्या डाव्या करंगळीचं पेर नव्हतं, वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कारखान्यात गेलेलं. ती आपलीच चूक होती असं तो आजही मानतो.

मुलगा घरी होता, हात गळ्यात बांधलेला. त्याने एकच वाक्य तीनदा सांगितलं. "पायडलवर पायच नव्हता जी माह्या. पाय खालीच होता."

दोघांतलं कोण खरं हे बोलण्यावरून ठरत नाही, त्यासाठी क्लच उघडावा लागतो. क्लच म्हणजे फिरतं चाक रॅमला जोडणारा-सोडणारा भाग. इथला 'रोलिंग की' प्रकारचा. यात फ्लायव्हील सतत फिरत असतं आणि क्रँक, म्हणजे रॅमला वरखाली करणारा दांडा, स्थिर असतो. पायडल दाबलं की एक खिटी बाजूला होते, 'की' (किल्ली) नावाचा पोलादी तुकडा फिरून फ्लायव्हीलच्या खाचेत बसतो आणि क्रँक फ्लायव्हीलला बांधला जातो. रॅम खाली जाऊन वर येतो. पायडल सोडलं की एक स्प्रिंग ती खिटी परत जागेवर ओढते. फेरा पुरा होताना 'की' खिटीवर आदळते, खाचेतून सुटते आणि दुसऱ्या बाजूचा ब्रेक क्रँकला वरच धरून ठेवतो. सगळी मदार त्या स्प्रिंगवर. खिटी परत आली नाही तर 'की' सुटत नाही आणि पायडलवर पाय नसतानाही रॅम आणखी एक फेरा मारतो. प्रेसवर काम करणारे याला 'प्रेस रिपीट झाली' म्हणतात. हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे यातच बरंच काही आलं.

मी गेलो तेव्हा क्लचमध्ये नवी कोरी स्प्रिंग होती. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला प्रेस पुन्हा चालू झाली होती, दुसरा माणूस उभा करून. जुनी स्प्रिंग कुठे, विचारलं. भंगारात गेली म्हणाले. भंगाराचा ड्रम उपसला, त्यात नव्हती.

संध्याकाळी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर फिटर भेटला. खिशातून कागदात गुंडाळलेली स्प्रिंग काढली. "फेकाले मन नाई झालं, साहेब."

ताणावर चालणारी स्प्रिंग, हुकापाशी तुटलेली. तुटलेल्या तोंडाचा साधारण अर्धा भाग काळपट-तांबूस, उरलेला चकचकीत. याचा अर्थ लावायला प्रयोगशाळा लागत नाही. गंजलेला अर्धा भाग आधीच तडकलेला होता, त्यात हवा-ओल शिरून तो जुना झाला होता. उरलेला अर्धा भाग त्या दुपारी तुटला. मुलगा खरं बोलत होता.

मग फिटरने पुढचं सांगितलं. त्या आठवड्यात प्रेस दोनदा रिपीट झाली होती. एकदा हात बाहेर होता, एकदा नग काढायला चिमटा वापरला होता, तो वाकला. मुलाने सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझरने फिटरला. फिटरने तेल सोडलं. क्लच उघडायचा तर प्रेस अर्धा दिवस बंद, आणि ट्रक दारात उभा. त्या तेलातलं थोडं ब्रेकच्या लाइनरवरही उतरलं होतं, तो बोटाला चिकट लागत होता. हे कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही.

इथेच थांबलो असतो तर

स्प्रिंग सापडल्यावर मलाही क्षणभर वाटलं, मिळालं कारण. 'क्लचची स्प्रिंग तुटल्याने रॅम आपोआप खाली आला. स्प्रिंग बदलली आहे.' मालकालाही हे चाललं असतं. कामगाराऐवजी स्प्रिंगवर दोष आला, कुणाचं काही बिघडलं नाही.

पण स्प्रिंग तुटतेच. लाखो वेळा ताणलेली स्प्रिंग कधी ना कधी तुटणार हे मशीन बनवणाऱ्याला ठाऊक असतं, वापरणाऱ्यालाही असायला हवं. विचारायचं ते हे की ती तुटली त्या क्षणी हात आत का होता. आणि याचं उत्तर साधं आहे : हात आत घातल्याशिवाय ते काम होतच नव्हतं.

मी बोर्डावरचे उत्पादनाचे आकडे उतरवले. या प्रेसवर एका पाळीत सरासरी ३,२०० क्लॅम्प निघत. प्रत्येक नगाला हात एकदा रॅमखाली. सीझनचे ६० दिवस धरले तर १ लाख ९२ हजार वेळा. त्यातल्या एका वेळी स्प्रिंग तुटली. उरलेल्या १ लाख ९१ हजार ९९९ वेळा हात वेळेत बाहेर काढणाऱ्या माणसाला कागदावर निष्काळजी म्हटलं होतं.

कायदा याबाबतीत वळणं घेत नाही. प्रकरण घडलं तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ सांगतं की यंत्राचा धोकादायक भाग मजबूत संरक्षकाने झाकलेला हवा आणि यंत्र चालू असताना तो संरक्षक जागेवरच हवा. कामगार सावध असेल तर चालेल, अशी पळवाट त्यात नाही. मालक म्हणाले, "गार्ड लावला तर माल कसा घालायचा?" हा प्रश्न जुना आहे. ग्राइंडिंगच्या चाकाने अंगठा जखमी झालेल्या कामगाराच्या खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर १९५५ साली हाच आला होता : झाकलं तर चाक निकामी होईल. होईना, पण झाकण्याचं कर्तव्य त्याने टळत नाही, असा निकाल लागला. मालकांना हे सांगितलं. त्यांनी चहा मागवला.

चाळीस हजारांचा सेन्सर

पुढच्या भेटीला गेलो तर ५० टनी प्रेसच्या दोन्ही बाजूंना पिवळे खांब. लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा. विक्रेत्याने सांगितलं होतं की हात किरणात आला की प्रेस जागच्या जागी थांबते. चाळीस हजारांच्या वर खर्च झाला होता आणि मालकांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. खोटं कशाला बोलू, माणसाने मनापासून पैसे घातले होते.

मी एक लाकडी पट्टी मागितली. स्ट्रोक सुरू करायला लावला आणि रॅम निघाल्यावर पट्टी किरणातून आत सरकवली. लाल दिवा लागला, भोंगा वाजला आणि रॅमने पट्टीचे दोन तुकडे केले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या प्रेसवरचा म्हणाला, "हे त दिवाळीची लायटिंग झाली जी."

कारण क्लचमध्येच आहे. 'की' एकदा खाचेत बसली की फेरा पुरा झाल्याशिवाय सुटत नाही. मध्ये थांबवायची सोयच त्या रचनेत नाही. सेन्सर फार तर पुढचा स्ट्रोक सुरू होऊ देणार नाही, सुरू झालेला थांबवू शकत नाही. अमेरिकेच्या नियमांत तर पूर्ण फेऱ्याच्या क्लचवर हाताच्या रक्षणासाठी असं उपकरण वापरायला मनाई आहे. लाइट कर्टन चालतो तो हवेच्या दाबावरच्या क्लच-ब्रेकवर, जिथे रॅम अर्ध्यात थांबतो. आपल्याकडे मात्र 'की' क्लचवर तो सर्रास विकला जातो. प्रेसला काहीच नसण्यापेक्षा मी याला वाईट मानतो, कारण पिवळे खांब दिसले की माणूस हात निर्धास्तपणे घालतो.

दुसरी सूचना सुपरवायझरची : जुनी दोन बटणं परत बसवू. या प्रेसला पूर्वी दोन हातांची बटणं होती, दोन्ही हातांनी दाबली तरच रॅम सुटायचा. सॉलेनॉइडने, म्हणजे विजेच्या चुंबकाने, क्लच ओढला जायचा. फेब्रुवारीत सॉलेनॉइड जळला, भाग येईपर्यंत म्हणून पायडल जोडलं आणि तेच राहिलं. पायडलवर वेग जास्त, नगावर पैसे, त्यामुळे कामगारांनाही बटणं नकोच होती. हेही लिहायला हवं, नाही तर सगळा दोष एकाच बाजूला जातो.

बटणांचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. प्रेसचे मिनिटाला ५० फेरे, म्हणजे एक फेरा १.२ सेकंदाचा. रॅमला वरून खाली यायला ०.६ सेकंद. माणसाचा हात सेकंदाला १.६ मीटर सरकतो असं या हिशेबात धरतात. ०.६ सेकंदात तो जवळपास एक मीटर जातो. 'की' खाचेत बसेपर्यंतचा वेळ त्यात आणखी वाढतो. बटणं डायपासून एक मीटरहून बरीच लांब हवीत, आणि ती होती हातभर अंतरावर. बटण सोडून हात आत नेता आलाच असता. शिवाय प्रेस रिपीट झाली तर बटणांचा उपयोग शून्य. त्या दुपारी बटणं असती तरी बोटं गेलीच असती.

तेव्हापासून कुठलाही उपाय कुणी सुचवला की आम्ही एकच प्रश्न विचारू लागलो : रॅम आपोआप आला तर? हातमोजे, सूचनाफलक, शपथ, सगळं त्या प्रश्नासमोर गळून पडलं. प्रेसमागच्या भिंतीवर राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहाचा बॅनर अजून लटकत होता. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली म्हणून तो सप्ताह मार्चमध्ये येतो. म्हणजे कूलरवाल्यांच्या ऐन सीझनमध्ये.

जे केलं

आधी कामं वेगळी केली, मशीन नव्हे. सातही प्रेसवर कुठला माल कसा लागतो ते दोन दिवस बसून लिहिलं. पट्टीतून तुकडे कापायच्या ब्लँकिंगला हात आत जायचं कारणच नव्हतं, पट्टी बाहेरून सरकते. तिथे डायभोवती जाळीचा पक्का गार्ड, पट्टी जाण्यापुरती फट, ६ मिमीहून कमी. बोट जात नाही. चार प्रेसचं काम यात निघालं, आणि वेल्डरनेच ते गार्ड चार दिवसांत बनवले. खर्च सेन्सरच्या पासंगालाही पुरला नसता.

क्लॅम्पच्या बेंडिंगचं अवघड होतं. तिथे डाय ड्रॉवरसारखी केली. खालचा भाग रुळावर पुढे ओढायचा, बाहेर तुकडा ठेवायचा, आत ढकलायचा. ड्रॉवर पूर्ण आत गेल्याशिवाय पायडलची दांडी सुटत नाही आणि पुढून गार्ड बंद. वाकलेला नग मागच्या घसरगुंडीतून पडतो. चिकटला तर चुंबकाचा दांडा. ही कल्पना माझी नाही, फिटरची. माझ्या डोक्यात फक्त चिमटे होते.

पहिल्या आठवड्यात ३,२०० चे २,४०० झाले. मालकांचा फोन रोज. महिनाभरात आकडा २,९०० च्या आसपास स्थिरावला. नगावरचे पैसे बंद करून रोजावर आणायचं माझं म्हणणं मात्र अर्धंच मानलं गेलं : रोज ठरला, वर 'इन्सेंटिव्ह' राहिला.

स्प्रिंगचंही केलं. ताणाची काढून दांडीवर बसणारी, दाबावर चालणारी घातली. अशी स्प्रिंग तुटली तरी तुकडे दांडीवरच राहतात आणि बऱ्याच अंशी ढकलत राहतात. आणि भिंतीवर एक वही टांगली, 'प्रेस रिपीट' एवढंच शीर्षक. रिपीट झाली की प्रेस बंद, वहीत वेळ लिहायची, फिटरची सही झाल्याशिवाय चालू नाही. पहिल्या दोन महिन्यांत वहीत पाच नोंदी पडल्या. मालक घाबरले. मी म्हटलं, आधीही पडत होत्या, वही नव्हती.

६३ टनी प्रेस पुढच्या वर्षी हवेच्या क्लचवर नेली आणि तो पिवळा सेन्सर तिकडे बसवला. लाकडी पट्टी आता वाचते.

पैसे

हा भाग थोडक्यात. मुलाचा पगार महिना २१,००० च्या आत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव हवंच होतं. सात महिने नव्हतं. अपघाताच्या संध्याकाळी ठेकेदाराने ऑनलाइन नाव घातलं, रुजू तारीख आदल्या दिवसाची. हजेरीच्या वहीने ते उघडं पाडलं. थकलेली विम्याची वर्गणी भरून घेऊन प्रकरण मार्गी लागलं, पुढचं ड्रेसिंग नागपूरच्या 'सोमवारी पेठ' भागातल्या कामगार विमा रुग्णालयात झालं.

कोणतं बोट गेलं तर कमाईची क्षमता किती टक्के गेली मानायची, ते दर कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेले आहेत. तर्जनीची दोन पेरं ११ टक्के, मधल्या बोटाचं एक पेर ७ टक्के, बेरीज १८. रोजची सरासरी मजुरी ५०० धरली तर तिच्या ९० टक्के म्हणजे ४५०, त्याच्या १८ टक्के म्हणजे ८१ रुपये रोज, हयातभर. संचालनालयाला गेलेल्या अहवालात कारण आम्ही तीन पानी लिहिलं. मालकांनी त्यावर सही केली, बऱ्याच दिवसांनी.

मुलगा आता डिस्पॅचला आहे, नग मोजतो. परवा फेब्रुवारीत गेलो तेव्हा सगळ्या प्रेस फिरून पाहिल्या. १० टनी प्रेसचा गार्ड काढून खिळ्याला टांगलेला होता. "थोडाच माल आहे, साहेब," सुपरवायझर म्हणाला आणि मी उभा असेपर्यंत त्याने तो परत लावला.

निघताना मुलाने एका पोराला पुढे केलं. धाकटा भाऊ, नुकताच लागलेला. कोणत्या मशीनवर, विचारलं.

"प्रेसवर नाई जी. शिअरिंगवर."

पट्टी घेऊन परत आत गेलो. शिअरिंगच्या गार्डखालची फट मोजली. १४ मिमी निघाली.